ख्रिस्ती धर्मोपदेशकांच्या पदव्या व त्यांचे मंडळीशी नाते
(सातारा व सांगलीकडील शब्दांचा विचार)

मराठी कागद वाचणारास मायन्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. 'तीर्थरूप', 'चिरंजीव', 'वेदशास्त्रसंपन्न', 'राजश्री', 'मेहेरबान' यांपैकी एखाद्या शब्दावरून पत्र लिहिणारा कोण, ज्यास लिहिले तो कोण, आणि दोघांत वडीलकी कोणाकडे होती, हे पुढील मजकूर वाचण्यापूर्वीच ध्यानात येते. हीच कसोटी आपल्याकडील ख्रिस्ती मंडळ्यांच्या कागदांसही लावावयास हवी. सातारा, वाई, सांगली, मिरज या बाजूच्या मंडळ्यांस शंभराहून अधिक वर्षे लोटली. बाप्तिस्म्याची व विवाहाची पुस्तके, सभांची इतिवृत्ते, खाजगी पत्रे, कबरींवरील लेख असे त्यांचे साहित्य आहे, आणि त्यात धर्मोपदेशकाचा उल्लेख कोठे 'पाद्री', कोठे 'साहेब', कोठे 'पाळक', कोठे 'रे.', कोठे 'वडील', तर कोठे 'फादर' असा येतो.

हे सारे शब्द एकाच अर्थाचे पर्याय आहेत असे धरून चालणारा वाचक फसतो. आमचे म्हणणे असे की, यांतील प्रत्येक शब्द दोन प्रश्नांचे उत्तर देतो. या मनुष्यास नेमिले कोणी, हा पहिला प्रश्न. त्याच्या पोटाची तजवीज कोण करतो, हा दुसरा. या दोन उत्तरांवर धर्मोपदेशक व मंडळी यांचे नाते उभे राहते, आणि पदवी ही त्या नात्याची नोंद होय. शिवाय छापील पदवी व तोंडची हाक यांत जेथे अंतर पडते, तेथे हाकेची साक्ष अधिक खरी मानावी. प्रस्तुत लेखात हेच उदाहरणांनी दाखविण्याचे योजिले आहे.

१. आपल्याकडील जुना भेद

पदवीचा उदरनिर्वाहाशी संबंध जोडणे हे काही नवे नव्हे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आचार्य, उपाध्याय, गुरु व ऋत्विज् या चौघांची लक्षणे लागोपाठ सांगितली आहेत. शिष्याचे उपनयन करून त्यास कल्प व रहस्य यांसह वेद शिकवितो तो आचार्य. वेदाचा एखादा भाग अथवा वेदांगे उपजीविकेसाठी शिकवितो तो उपाध्याय. निषेकादि संस्कार करून अन्नाने वाढवितो तो गुरु, म्हणजे तेथे मुख्यत्वे पिताच. आणि ज्यास वरण करून आपल्या यज्ञकर्मासाठी नेमावयाचे तो ऋत्विज्. चौघांचीही विद्या एकच असू शकेल. भेद आहे तो नात्याचा. उपाध्यायास वृत्ती मिळते म्हणून तो आचार्याहून कमी. ऋत्विजास यजमान निवडतो म्हणून त्याचा अधिकार त्या कर्मापुरता. पुढे दिलेले ख्रिस्ती शब्द या चौकटीत बसवून पाहिले असता पुष्कळ उलगडा होतो.

२. पाद्री आणि फादर

आपल्या भाषेत आलेला सर्वांत जुना शब्द 'पाद्री'. पोर्तुगीजांतील 'पाद्रे' म्हणजे पिता. लॅटिन 'पातेर', संस्कृत 'पितृ', इंग्रजी 'फादर' ही एकाच कुळातील भावंडे होत. फादर तोमास स्टिफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापून निघाले. त्यात श्रोत्यांच्या शंकांचे निरसन करणारा वक्ता 'पाद्री गुरु' म्हणून येतो. हा जोडशब्द मोठा बोलका आहे. 'पाद्री' हा परका शब्द श्रोत्यांस पुरेसा कळणार नाही म्हणून शेजारी 'गुरु' आणून बसविला. आणि मनूच्या व्याख्येने पाहिले तर दोन्ही शब्दांचा अर्थ पिताच! याच ग्रंथाची एक नागरी लिपीतील प्रत लंडन येथे मार्सडेन यांच्या संग्रहात आहे. तीत पोर्तुगीज-लॅटिन शब्द काढून त्यांच्या जागी संस्कृत शब्द घातले आहेत. पारिभाषिक शब्द बदलला की श्रोत्याशी असलेले अंतर बदलते, ही जाणीव त्या काळीही होती हे यावरून स्पष्ट होते.

तथापि मराठी मुलखात 'पाद्री' या शब्दास पुढे निराळाच रंग चढला. मराठी कागदांत तो फिरंग्यांच्या अनुषंगाने येतो, आणि १७३९ साली वसई मराठ्यांकडे आल्यानंतरही तो परक्या सत्तेच्या छायेतून बाहेर पडला नाही. देशावरच्या बोलण्यात 'पाद्री' म्हणजे बाटविणारा, असा अर्थ रूढ झाला. त्यामुळे ख्रिस्ती मंडळीतील माणसे आपल्या धर्मोपदेशकास तोंडावर 'पाद्री' म्हणत नाहीत. हा शब्द प्रायः बाहेरच्यांचा होय. उलट 'फादर' हा त्याच अर्थाचा, त्याच कुळाचा शब्द रोमन कॅथलिक मंडळीत जिव्हाळ्याचा ठरला. अर्थ एक, व्युत्पत्ती एक. परंतु एक शब्द कुंपणाबाहेरून उच्चारला जातो व दुसरा आतून. कागदात 'पाद्री' आढळल्यास लिहिणारा बहुधा मंडळीबाहेरचा आहे, असे अनुमान प्रथम करावे व मग इतर पुरावा पाहावा.

३. सातारा व सांगली यांची निरनिराळी घडण

आता आपल्या प्रांताकडे वळू. साताऱ्याचे राज्य १८४८ साली खालसा झाले व त्याच्या पुढच्याच वर्षी, १८४९ साली, अमेरिकन मराठी मिशनने सातारा येथे ठाणे घातले. या मिशनचे चालक बोस्टन येथील अमेरिकन बोर्ड. त्यांची पद्धत काँग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक गावची मंडळी स्वयंपूर्ण. तिने आपला पाळक आपण बोलवावा, असा तिचा मूळ सिद्धांत.

सांगलीची हकीकत निराळी. रॉयल वाइल्डर हे १८५२ साली कोल्हापुरास गेले ते याच अमेरिकन बोर्डाकडून. पुढे शाळांवर खर्च किती करावा व धोरण काय असावे यावरून बोर्डाशी त्यांचा बेबनाव झाला. त्यांनी काही वर्षे स्वतंत्रपणे काम चालविले, आणि १८७० साली ते काम न्यूयॉर्क येथील प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेले. त्या मिशनने १८८४ साली सांगली व १८९२ साली मिरज येथे ठाणी केली. मिरजेस डॉ. वान्लेस यांनी काढलेले रुग्णालय व वान्लेसवाडी हे नाव ही त्याच कार्याची ओळख. प्रेस्बिटेरियन पद्धतीत मंडळी पाळकास बोलावते खरी. परंतु त्यास दीक्षा देणे, त्याची चौकशी करणे, त्यास काढणे हे अनेक मंडळ्यांच्या एकत्र सभेच्या हाती असते. पाळक हा त्या सभेचा सभासद, केवळ गावच्या मंडळीचा नव्हे.

येणेप्रमाणे बोस्टनमधील एका मतभेदाचा परिणाम कृष्णेच्या खोऱ्यात असा झाला की, वरच्या अंगास एक पद्धत रुजली व खालच्या अंगास दुसरी. पुढे १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा बनला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. राज्यकारभाराच्या दृष्टीने हे एकाच अंगाचे दोन भाग. मंडळ्यांच्या रचनेत मात्र भेद राहिला, आणि पदव्यांचा अर्थ लावताना तो विसरता येत नाही.

४. साहेब, पंत आणि पाळक

दोन्हीकडे समान असलेला शब्द म्हणजे 'साहेब'. परदेशी मिशनऱ्यास त्याच्या बोर्डाने नेमिलेले, त्याचा पगार बोस्टन अथवा न्यूयॉर्क येथून येणार. गावच्या मंडळीचा त्याच्या नेमणुकीत हात नाही व त्याच्या पोटात तिचा घास नाही. उलट शाळेतला शिक्षक, खेड्यात फिरणारा उपदेशक, वसतिगृहाचा आचारी यांचे पगार साहेबाच्या हातून वाटले जात. अशा स्थितीत धर्मोपदेशकास जी हाक मिळावयाची ती कलेक्टरास मिळणारीच मिळाली. सरकार 'मायबाप', तसे मिशनही मायबाप. यात मिशनऱ्यांच्या स्वभावाचा प्रश्न नाही. पुष्कळांनी सारा जन्म या मातीत घालविला. परंतु अन्न ज्या दिशेने येते त्या दिशेस मान लवते, हा लोकव्यवहार आहे. कागदात नुसता 'साहेब' असेल तर तो बहुतकरून परदेशी, आणि त्याची पत्नी 'मडम'.

अमेरिकन बोर्डाचे सेक्रेटरी रूफस अँडरसन यांना हा दोष दिसत होता. देशी मंडळीस देशी पाळक असावा, व मंडळीने स्वतःचा भार स्वतः उचलावा, हे त्यांचे धोरण. ते स्वतः १८५४-५५ च्या सुमारास या प्रांती पाहणीस आले होते. १८५४ साली अहमदनगर येथे हरि रामचंद्र खिस्ती व रामकृष्ण विनायक मोडक यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. पदवी मिळाली 'रेव्हरंड', पण लोक त्यांस म्हणत हरिपंत व रामकृष्णपंत. ब्राह्मण घराण्यातील गृहस्थास गावात जी आदराची जोड मिळे तीच बाप्तिस्म्यानंतरही टिकली. धर्म पालटला, उपपद पालटले नाही. म्हणजे मंडळीशी त्यांचे नाते नव्या पदावर जितके उभे होते तितकेच जुन्या सामाजिक मानावरही उभे होते. ही गोष्ट इतिहासकाराने दृष्टीआड करू नये.

येथे एक खबरदारी सुचवितो. १८६७ साली दीक्षा मिळालेले 'यमुनापर्यटन'कार बाबा पदमनजी यांच्या नावातील 'बाबा' हे नावच आहे. धर्मगुरूस उद्देशून लाविलेले आदरवाचक उपपद नव्हे. नावाचा भाग व मानाचा भाग यांची गल्लत झाल्यास यादी करणारा दोन माणसांचा एक किंवा एकाचे दोन करून बसतो.

'रेव्हरंड' या शब्दाविषयी थोडे. लॅटिन 'रेव्हेरेन्दुस' हे कृत्य प्रत्ययान्त रूप; आपल्याकडील 'अनीयर्' प्रत्ययाने होणाऱ्या 'वन्दनीय', 'पूजनीय' यांचे ते सख्खे भावंड. मूळ शब्द विशेषण. तो पदाचे नाव नव्हे, नावापूर्वी लावावयाचा आदर आहे. मराठीने त्याचे नाम केले व 'रेव्हरंड आले' असा प्रयोग रूढ झाला. छापील मराठीत त्याचा संक्षेप 'रे.' किंवा 'रेव्ह.' असा आढळतो. हे अक्षर नावामागे असल्यास त्या मनुष्यास दीक्षा मिळालेली आहे, व बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे संस्कार चालविण्याचा त्यास अधिकार आहे, इतके निश्चित होते. ज्याच्या नावापुढे 'उपदेशक' आहे तो प्रवचन करील, प्रार्थना चालवील, शाळाही चालवील. परंतु हे संस्कार त्याच्या हातचे नव्हत.

'पाळक' हा मात्र मराठीने घडविलेला शब्द, आणि तो नामी आहे. मूळ लॅटिन 'पास्तोर' म्हणजे चारणारा, मेंढपाळ. आपल्या भाषांतरकारांनी 'पाल्' धातूपासून 'पाळक' घेतला. संस्कृतात रक्षण हा या धातूचा मुख्य अर्थ. भूपाल, गोपाल, द्वारपाल हे शब्द त्यातूनच झाले. मराठीत 'पाळणे' याचा पसारा आणखी मोठा: गुरे पाळावी, मूल पाळावे, वचनही पाळावे. त्यामुळे 'पाळक' उच्चारताच दोन चित्रे उभी राहतात. एकात मंडळी हा कळप आहे, मुका व आज्ञाधारक. दुसऱ्यात पाळकाने दिलेले वचन आहे व ते त्याने पाळावयाचे आहे. शाळेच्या पुस्तकात मुलाच्या नावापुढे 'पालक' असा रकाना असतो. तोच शब्द 'ल'चा 'ळ' होऊन चर्चच्या पुस्तकात येतो. शिक्षकीत जन्म गेलेल्या आम्हांस या जुळ्या शब्दांची मौज वाटते. पालकाचे पालकत्व मूल वयात येताच संपते. पाळकाचे केव्हा संपावे, हा प्रश्न मंडळीच्या इतिहासात पुनःपुन्हा उपस्थित झालेला आहे.

५. वडील, अध्यक्ष व सेवक

सांगलीकडील कागदांत 'वडील' हा शब्द विशेष जपून वाचावा. ग्रीक 'प्रेस्बुतेरोस' म्हणजे वयाने थोर. त्यावरूनच प्रेस्बिटेरियन हे नाव पडले. मराठी बायबलात त्यासाठी 'वडील' हा शब्द योजिला आहे. मंडळीचे सभासद आपल्यांतून काही वडील निवडतात व ते पाळकासह मंडळीचा कारभार पाहतात. तत्त्वतः पाळक हाही एक वडीलच. तो उपदेश करणारा, इतर कारभार पाहणारे. म्हणजे पद्धत बरोबरीची आहे.

परंतु मराठीत 'माझे वडील' म्हटले की अर्थ पिता! शिवाय वतनाच्या कागदांत 'वडीलपणा' या शब्दाचे वजन आपणांस माहीत आहे. पाटीलकीच्या तंट्यांत वडीलपणाचा मान कोणाचा, पहिला विडा कोणाचा, यावर पिढ्यान्‌पिढ्या निवाडे चालत. निवडून आलेल्या सभासदास 'वडील' म्हणताना हा सारा अर्थ नकळत त्याच्या अंगास चिकटतो. ग्रीक शब्दात जे केवळ ज्येष्ठत्व होते ते मराठीत पितृत्व झाले. आणि पाद्री, फादर या वाटेने जो पिता आत आला नव्हता तो भाषेच्या दुसऱ्या दाराने आला. बायबलात येशूने आपल्या शिष्यांस सांगितले आहे की पृथ्वीवर कोणास पिता म्हणू नका व स्वतःस गुरु म्हणवून घेऊ नका. त्या उपदेशाचा आधार घेऊन 'फादर' या शब्दास हरकत घेणाऱ्यांच्या मुखी 'वडील' हा शब्द रोज असावा, यात भाषेची गंमत आहे.

'बिशप' याचे मूळ ग्रीक 'एपिस्कोपोस'. 'एपि' म्हणजे वर, 'स्कोपोस' म्हणजे पाहणारा. मराठी बायबलात त्यासाठी 'अध्यक्ष' हा शब्द आहे. अधि + अक्ष, वरून दृष्टी ठेवणारा: अवयवास अवयव जुळणारे इतके चोख भाषांतर क्वचित सापडते. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात ज्यांस प्रथम वडील म्हटले आहे त्यांनाच पुढे अध्यक्ष म्हटले आहे. म्हणजे आरंभी या दोन पदव्या एकाच माणसांच्या होत्या. उतरंड नंतर चढली. 'सेवक' हे ग्रीक 'दियाकोनोस'चे भाषांतर. इतिवृत्तात 'मंडळीचे सेवक' असे वाचून ते शिपाई किंवा झाडलोट करणारे असावेत अशी समजूत करून घेऊ नये. ते निवडलेले, मानाचे अधिकारी होत.

आणि स्वतः 'मंडळी' हा शब्द? 'घरची मंडळी', 'जेवणारी मंडळी', कीर्तनात श्रोत्यांस घातलेली 'मंडळी' ही साद! या शब्दात थोर-लहान नाही. सगळे एका वर्तुळात बसलेले आहेत. आमच्या मते ख्रिस्ती परिभाषेतील हा सर्वांत मराठमोळा शब्द होय. कळप आणि मंडळी या दोन प्रतिमांतील ओढाताण हाच या विषयाचा गाभा आहे.

६. टिळक साताऱ्यात

या ओढाताणीचे सर्वांत ठळक उदाहरण साताऱ्यातच घडले. नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ सालचा. १८९५ साली त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तोही एतद्देशीय पाळकाच्या हातून. १९०४ साली त्यांस दीक्षा मिळाली व ते 'रेव्हरंड' झाले. महाराष्ट्रात ही पदवी त्यांच्या नावास इतकी जडली की लोकमान्य व रेव्हरंड या दोन शब्दांनीच दोन टिळक ओळखले जातात. ज्यांचा ख्रिस्ती धर्माशी काडीचा संबंध नाही असे काव्यरसिकही त्यांस 'रेव्हरंड टिळक' म्हणतात. विशेषणाचे नाम झाले, आणि नामाचे अखेर आडनावासारखे झाले.

पण टिळकांनी स्वतःसाठी निवडलेला शब्द कोणता? त्यांच्या अभंगांत नाममुद्रा येते ती 'दास' अशी. सातारकरांस हा शब्द काय सांगतो हे निराळे सांगण्याचे कारण नाही. सज्जनगडावर ज्यांची समाधी आहे त्यांस लोकांनी 'समर्थ' म्हटले व त्यांनी स्वतःस 'दास' म्हणविले. लोकांनी दिलेली पदवी वर चढणारी, स्वतः घेतलेली खाली उतरणारी. या दोहोंच्या मधल्या जागेत महाराष्ट्रातील संत व त्यांचे अनुयायी यांचे नाते नांदत आले. टिळकांस ख्रिस्ती मंडळीत हेच नाते हवे होते. मिशनऱ्यांनी मायबाप न होता बंधू व्हावे, हा त्यांचा आग्रह होता.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली व साताऱ्यास राहून 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांस तो खुला होता. आमच्या दोन प्रश्नांच्या भाषेत सांगावयाचे तर, नेमणारा व पोसणारा असे दोन्ही धागे त्यांनी आपल्या हाताने तोडले. मनूच्या शब्दांत, उपाध्यायपण टाकून आचार्यपणाची वाट धरली. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाल्याने हा प्रयोग अल्पकाळच टिकला. परंतु पगार व पदवी यांची गाठ किती घट्ट असते हे त्यांनी ती सोडूनच दाखविले. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त ते केवळ 'टिळक' म्हणून येतात. छापखान्याचे रेव्हरंड, अभंगातले दास आणि घरातले टिळक: एकाच पुरुषाची ही तीन नावे तीन नाती सांगतात.

पुढे १९२२ साली विन्स्लो यांनी ख्रिस्त सेवा संघ स्थापिला व त्याच्या प्रमुखास 'आचार्य' ही संज्ञा घेतली. हे विन्स्लो टिळकांचे चरित्रकार होते, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावी.

७. पदवीची दुसरी बाजू

येथवर वाचून असे वाटेल की साहेबी पदव्या वाईट व दासपण चांगले, इतकाच निष्कर्ष काढावयाचा आहे. तसे नाही. टिळकांस पदवी टाकता आली, कारण ती टाकल्यानंतरही त्यांच्यापाशी पुष्कळ शिल्लक होते: विद्या, कवित्व, आणि समाजाने जन्मतःच दिलेला मान. मंडळीतील बहुसंख्य माणसांची गोष्ट निराळी होती. या प्रांतातील ख्रिस्ती मंडळ्यांत महार व मांग समाजांतून आलेल्यांची संख्या मोठी. जुन्या कागदांत महारांच्या नावांस 'नाक' हा प्रत्यय असे. कोरेगाव येथील स्तंभावरील नावांतही तो कोरलेला आहे. परंतु गावच्या रोजच्या व्यवहारात त्यांस 'पंत' नव्हते, 'राव' नव्हते, 'रा. रा.' नव्हते, होती ती एकेरी हाक. तशा घरातला मुलगा शिकून मिशनच्या शाळेवर गेला की 'मास्तर' झाला, आणि दीक्षा मिळाली की 'पाळकसाहेब'.

'पाळकसाहेब' या जोडशब्दास पंडिताने हसू नये. मेंढपाळ आणि साहेब यांची ही सांगड अर्थाच्या दृष्टीने विजोड खरी. तथापि ज्यांच्या पूर्वजांस कोणी 'अहो' म्हटले नाही त्यांनी आपल्यांतीलच एकास 'साहेब' म्हणावे, यात त्या एकाचा मान होता तसा साऱ्या मंडळीचाही होता. परदेशी मिशनऱ्यास 'साहेब' म्हणताना मान लवत होती. आपल्या पाळकास तोच शब्द लावताना ती वर होत होती. शब्द एक, दिशा दोन. म्हणूनच पदव्या टाकून द्या हा उपदेश ज्यांच्यापाशी पदव्यांचा साठा आहे त्यांस शोभतो. इतरांस तो करताना आधी कोण बोलत आहे ते पाहावे.

अर्थात याचीही एक किंमत पडते. ज्यास साहेब म्हटले त्याच्या चुका सभेत बोलून दाखविणे कठीण जाते. मंडळीने निवडलेल्या वडिलांनी पाळकाचा हिशेब विचारावा अशी पद्धत असताना, 'साहेबांस कसे विचारावे' हा संकोच आड येतो. मान दिल्याने मंडळी उंचावते, आणि मान फार झाल्याने मुकी होते. या दोहोंचा तोल ज्या मंडळीस साधला ती टिकली, असे आम्हांस वाटते.

८. नंतरचे शब्द

पुढील कालखंडाविषयी थोडक्यात सांगतो. १९२४ साली प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया या संस्थेत एकत्र आल्या, व सातारा आणि सांगली यांची पद्धत एकमेकींजवळ आली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, आणि ज्या परंपरेत बिशप नव्हता तीत 'बिशप' ही पदवी आली. वडिलांच्या सभेची सवय असलेल्या मंडळीस हा शब्द नवा. परंतु ज्या 'अध्यक्षा'चे नाव ती आपल्या बायबलात पूर्वापार वाचीत होती तोच हा, हे सांगणारे भाषांतर तिच्या हाती आधीपासून होते. अलीकडे स्वतंत्र मंडळ्यांत 'पास्टर' हा मूळ शब्दच भाषांतरावाचून चालू झाला आहे. जेथे मराठी शब्द तयार असताना परका शब्द निवडला जातो, तेथे जुन्या मंडळीहून आपण निराळे आहो हे सांगण्याचा हेतु असतो, असे समजावे.

'फादर' या शब्दाने मात्र मराठीत मोठी मजल मारली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ साली ते निवर्तले. रेव्हरंड टिळकांप्रमाणेच त्यांची पदवीही ख्रिस्तीतर वाचकांच्या तोंडी सहज बसली. फादरास मंडळी निवडीत नाही. त्यास बिशप नेमितो, आणि तो संसार करीत नाही. घरदार नसलेल्या पुरुषास पिता म्हणावयाचे, यात आपल्याकडील लोकांस काही विपरीत वाटत नाही. संन्याशास 'महाराज' व 'बाबा' म्हणण्याची त्यांस सवय आहेच.

९. संग्राहकांस विनंती

वरील विवेचनातून कागद वाचताना उपयोगी पडतील अशा काही खुणा निघतात. नुसता 'साहेब' प्रायः परदेशी समजावा. 'रे.' असेल तर दीक्षित. 'उपदेशक' अथवा 'मास्तर' असेल तर दीक्षा गृहीत धरू नये. 'वडील' व 'सेवक' ही निवडलेली पदे होत. ती पित्याचे अथवा चाकराचे वाचक आहेत असे मानून वंशावळ लावू नये. 'पंत', 'जी', 'राव' यांवरून पूर्वीच्या सामाजिक स्थितीचे अनुमान करता येते, परंतु दुसरा पुरावा मिळेपर्यंत ते अनुमानच ठेवावे. आणि एकाच माणसास इतिवृत्तात एक, खाजगी पत्रात दुसरी व कबरीवर तिसरी पदवी असेल, तर तिन्ही जशाच्या तशा उतरून घ्याव्या. एकरूपतेच्या हौसेने त्यांस एका साच्यात बसवू नये. जी विसंगती वाटते तोच खरा पुरावा.

बखरी, सनदा व महजर यांच्यासाठी आपण गावोगाव हिंडतो. त्याच गावांत चर्चच्या कपाटात पडलेली जन्म, विवाह व मृत्यू यांची पुस्तके वाळवी खात असतील तर तीही आपलीच कागदपत्रे होत. ज्या घराण्यांची नावे देशमुखी-कुलकर्णाच्या दफ्तरांत केवळ बलुत्याच्या हिशेबापुरती येतात, त्यांची माणसे येथे पूर्ण नावाने, आईबापांच्या नावांसह, आणि कोणी कोणास काय म्हणत होते त्या शब्दांसह नोंदलेली आहेत. ज्यांच्या ओळखीत अशा मंडळ्या असतील त्यांनी पाळकांच्या व वडिलांच्या परवानगीने या पुस्तकांच्या नकला करून ठेवाव्या, आणि नक्कल करताना नावामागचे एकही अक्षर गाळू नये.